गाडी खोटी की अर्जदार खोटा, याचा निवाडा होणेबाबत

प्रति,
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी,
प्रादेशिक परिवहन कार्यालय, नाशिक.

अर्जदार : ज्ञानेश बहिरू विधाते, धंदा फूलशेती, रा. मखमलाबाद, नाशिक.

विषय : नवीन हायब्रिड गाडीचे ॲव्हरेज सरकारी माणसासमोर मोजून तसा शिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : गाडी विकणाऱ्या शोरूमचे अर्जदारास आलेले शहाजोग पत्र.

महोदय,

१. अर्जदाराने यंदाच्या गुढीपाडव्याला एक मोठी हायब्रिड गाडी घेतली. सिग्नलला थांबले की इंजिन आपोआप बंद होते व डिझेल वाचते, असे तिचे माहात्म्य सांगितले जाते. हायब्रिड म्हणजे काय, हे शोरूममधल्या टायवाल्या पोरांनी अर्जदारास शिकवू नये. त्याच्या मळ्यात हायब्रिड झेंडू आहे आणि तो बियाण्याच्या पाकिटावर छापला आहे तसाच फुलतो. गाडीच्या माहितीपत्रकावर लिटरला सोळा किलोमीटर छापले आहे आणि गाडी देते नऊ. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला इंजिन बंद झाले की मागचे रिक्षावाले ढकलायला उतरतात, एवढाच काय तो हायब्रिडचा लाभ.

२. दुखणे एवढेच असते तर अर्जदार आपल्या कार्यालयाची पायरी चढला नसता. परंतु गाडीच्या पूजेच्या दिवशी अर्जदाराची आई कलाबाई हिने, सगळे गाडीचेच कागद म्हणून, त्या माहितीपत्रकालाही हळदकुंकू वाहिले आणि ते देव्हाऱ्यात ठेवले. तेव्हापासून घरात सोळा हा आकडा देववाणी ठरला आहे. अर्जदार रोज मळ्यातून फूलबाजारात आणि तेथून मंडपवाल्यांकडे फुले पोचवतो. त्यास सोळाच्या हिशोबाच्या जवळजवळ दुप्पट डिझेल लागते. मग उरलेले डिझेल जाते कुठे, असा प्रश्न घरात उभा राहिला.

३. या प्रश्नाचे उत्तर अर्जदाराचा मेहुणा गोरक्ष, रा. पिंपळगाव बसवंत, याने शोधले. दहावीला गणितात दोनदा आपटलेल्या या इसमाने असे सिद्ध केले की उरलेल्या डिझेलमध्ये निफाडला जाऊन परत येता येते. निफाडला लग्नाआधी अर्जदाराने एक मुलगी पाहिली होती. संबंध कांदेपोह्यांपुरता होता, पोहेही गारच होते. गाडीच्या मीटरात तेवढे किलोमीटर नाहीत, हे अर्जदाराने दाखवले. त्यावर गोरक्ष म्हणाला, "मीटरची वायर काढली का झालं, लय सोपं हाय." हे ज्ञान त्यास स्वतःच्या टेम्पोवरून आलेले असावे.

४. अर्जदाराची पत्नी सौ. छाया हिने हे सर्व ऐकून एवढेच विचारले, "कंपनी कशाला खोटं बोलंल? तिला काय बायको हाय का?" ती भाऊबीजेला माहेरी, पिंपळगावला, गेली ती परत आली नाही. घर खायला उठते, हे अर्जात लिहिण्याची पद्धत नसेल, तरी लिहिले आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही नवी कोरी गाडी दारात उभी असताना!

५. अर्जदाराने शोरूमकडे तक्रार केली असता तेथील इंजिनिअरने खुलासा पाठवला की, चालकाने वाहनात एकटे असावे, एसी लावू नये, काचा बंद ठेवाव्यात, वाटेत कुठेही थांबू नये, मग सोळा मिळतेच. अर्जदाराच्या दुर्दैवाने हा कागद पोस्टमनने कलाबाईच्या हाती दिला आणि तिने तो भोळेपणाने पिंपळगावी पाठवला. गोरक्षने तो सर्व आळीसमोर मोठ्याने वाचला. नवऱ्याने काचा लावून, एकट्याने, कुठेही न थांबता जावे, असा कंपनीचाच लेखी सल्ला निघाल्यावर निफाडचा संशय पक्का झाला. असले पत्र लिहिणारा इंजिनिअर अविवाहित असावा, अशी अर्जदाराची खात्री आहे.

६. तरी विनंती अशी की, आपल्या निरीक्षकांनी हे ॲव्हरेज स्वतः मोजावे. गाडी पिंपळगावहून निघून मखमलाबादला अर्जदाराच्या घरी यावी. पुढच्या सीटवर सौ. छाया हिस बसवावे आणि तिला उकडत असल्यास एसी लावावा. ओझरला तिला चहा प्यावासा वाटल्यास गाडी थांबवावी, काचही उघडू द्यावी. अशाने आकडा आणखी खाली येईल, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. खुशाल येऊ द्यावा. कंपनीचे सोळा एकट्या माणसालाच मिळते, आणि अर्जदारास ते सोळा नको आहे.

सोबत : गाडीच्या नोंदणीची प्रत.

आपल्या शिक्क्याच्या आशेवर असलेला,
नम्र अर्जदार

(सही)
ज्ञानेश बहिरू विधाते
मखमलाबाद, दि. १२ नोव्हेंबर २००९