पायऱ्यांचे मार्क

आई, मी पुन्हा गणितं सोडवतोय. तीच शाळेतली. शेकडेवारी, काळ-काम-वेग, नळ आणि टाकी. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. प्राध्यापकाशी भांडलो, माफी मागायला गेलो नाही, अजूनही जाणार नाही. आता कारकुनाच्या भरतीचा पेपर देतोय, बारावीवर चालतो. त्यासाठी मागच्या वर्षांच्या पेपरांच्या झेरॉक्स घेऊन मोरवा गावातल्या बस स्टॉपवर बसतो. एकटा नाही. शेजारी एक मुलगी असते, तिथलीच, तीही हाच पेपर देतेय. तिला इंजिनियर मुलाचं स्थळ सांगून आलंय. मला म्हणाली, "घरी बोलायला माझ्या हातात कायतरी दे." म्हणून हा पेपर मला काढायचाच आहे.

पण तू आडवी येतेस. आपलं भाईंदरचं स्वयंपाकघर, तू पोळ्या लाटतेयस, मी ओट्याजवळ पाटावर शाळेचा जुना पेपर घेऊन बसलोय. एका नळाने टाकी सहा तासांत भरते, दुसऱ्याने बारा तासांत; दोन्ही एकदम सोडले तर? मी म्हणतो, "आई, आपल्याकडे एका नळाला धड पाणी येत नाही, दोन कुठले?" तू लाटणं उगारतेस. "समज की आलं! समजायला काय टँकर लागतो? आणि पायऱ्या लिही. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात." मी नववीत असताना तू गेलीस, पण हाताला तुझीच सवय राहिली. 'समजा' लिहिल्याशिवाय पेन पुढे सरकतच नाही, आणि अर्ध्या पेपरातच वेळ संपतो.

परवा जुन्या पेपरात तेच गणित निघालं. खाली चार उत्तरं छापलेली. मी 'समजा, टाकीची क्षमता' लिहितोय तोवर ही ओरडली, "अरे, निबंध लिहितोस काय? एकटा नळ सहा तासांत भरतोय, मंग दोघांना सहाच्या आतच लागतील ना? सहाच्या आतला आकडा एकच हाय. खूण कर नि पुढं चल!" समोरचा रिक्षावाला हसला, "मॅडम की सुन भाई, पास हो जायेगा."

मला राग आला. तिचा नाही, तुझा. पायऱ्यांना मार्क देतं कोण, आई? कॉलेजात दीड वर्ष घासलं, त्याचे कुणी दिले? हिच्या बापाला काय सांगू, उत्तर आलं नाही पण पायऱ्या बरोबर होत्या? इथे चुकलं की उलट मार्क कापतात. तेव्हा ऐक, रविवारचा भरतीचा पेपर मी हिच्या पद्धतीने सोडवणार. एकही पायरी लिहिणार नाही. चिडायचं तर चिड. आज तसाच अख्खा पेपर सोडवून पाहिला. वेळेच्या आत संपला, आणि ही इतकी खूश झाली की समोरून तिची बस गेली तरी उठली नाही.

हे तुला पोचणार नाही, म्हणून सांगून टाकतो. गणित मला तेव्हाही आवडत नव्हतं. एक पेपर संपला की मी दुसरा मागायचो ना, ते फक्त तू तिथून उठून जाऊ नयेस म्हणून.