खरखर

१२ नोव्हेंबर १९९९, शुक्रवार

दमलो आज. नगरला आमच्या रेडिओ केंद्रावर पुण्याचे साहेब डिजिटल रेडिओ दाखवायला आले होते. आवाज थेट उपग्रहावरून, खरखर नावाला नाही. सगळे माना डोलवत ऐकत बसले. मी विचारलं, "यात आपलं नगर कुठं लागतं?"

साहेब हसले. "अहो, यात जग लागतं. नगर कशाला?"

खरंच, कशाला? रोजचे कांद्याचे भाव उपग्रहावरून कोण सांगणार? ते मीच सांगायचे, कुणी ऐकतंय तोवर. मग दिवसभर डोक्यात काय घोळतंय?

संध्याकाळी एसटीनं गावी आलो. आईनं रेडिओच्या काचेवर, आमचं केंद्र लागतं तिथं टिकली चिकटवलीय. काटा तिथून कुणाला हलवू देत नाही. मला बघताच म्हणाली, "सकाळी भाव सांगताना आवाज लई खरखरत हुता तुझा. घसा बसलाय व्हय रं?"

घसा ठणठणीत होता. खरखर तिच्या जुन्या रेडिओची. सांगणार होतो, पण काढा आधीच चुलीवर उकळत होता. "व्हय," म्हणालो, आणि तो कडूजहर काढा सगळा प्यायलो.

साहेबांच्या त्या रेडिओवर कुणाचाच घसा बसत नाही.