दोन्ही वेळ पोटभर

कुंभिवली, ५ मार्च २०२५

ती. भिवाजीदादास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या शाळेने यंदा पुण्याचं काम काढलंय. ज्या घरांत रेशनकार्ड नाही, त्यांचे अर्ज शाळाच भरून देणार. मी निवृत्त बाई, म्हणून घरोघर विचारायचा तक्ता माझ्या हातात. पहिलाच प्रश्न, दोन्ही वेळ पोटभर जेवता का? चाळीस घरं फिरले, चाळीसही हो म्हणाली.

शेवटचं घर वाडीवरच्या अंबाबाईचं. नात सोनाली तिसरीत, कमावणारं कुणी नाही. तीही भरपूर हाय म्हणाली आणि जेवल्याबिगर उठूच देईना. भात, सुक्या बोंबलाचा रस्सा. कॉन्व्हेंटच्या फुकट बोर्डिंगात सिस्टर ताट पुसून खायला लावायच्या, तशी जेवले आणि शेरा लिहिला, ‘उत्तम’.

हेडमास्तरांनी फाटकावर फ्लेक्स लावलाय, ‘एकही गरजू कुटुंब नसलेली शाळा’. त्यात माझाही फोटो आहे, जरा जाड दिसते.

माझ्या दिवाळीच्या चकल्यांवर आहे, तेवढा तरी लोभ माझ्यावर असू दे.
वनिता

कर्जत, ११ मार्च

चि. सौ. वनितास, अ. आ.

पुरवठा कार्यालयात तीस वर्षं खुर्ची झिजवली, पण दारी आलेल्याला उपाशी आहोत म्हणणारं घर भेटलं नाही. आपली आई थंड चुलीपुढे बसून शेजारणीला जेवलो म्हणायची, विसरलीस?

अगं शहाणे, तो तांदूळ कुठून आला हे विचारलंस? मेमध्ये शाळा बंद, म्हणजे खिचडी बंद. सोनाली तेव्हा तुझा शेरा खाणार का? आता पोटाचं विचारू नकोस, तांदळाचा डबा बघ. आणि जाताना घरून जेवून जा. अर्ज घेऊन मी स्वतः बसतो कार्यालयात.

रागावलोय, म्हणजे लोभ आहेच.
भिवाजी

कुंभिवली, ५ मे

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तांदूळ शेजारच्या विमलबाईंचा होता. डबा उघडताना अंबाबाईने तोंड फिरवलं, मीही. चाळीसपैकी सव्वीस डबे रिकामे निघाले. हेडमास्तर म्हणाले, अर्ज खुशाल पाठवा, पण फ्लेक्स राहू दे, तपासणीला आलेले साहेब त्याचं कौतुक करून गेलेत.

तू ठाण मांडून बसलास म्हणून झालं. शुक्रवारी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली, शनिवारी अंबाबाईकडे धान्य आलं. काल सोनाली भाताचा झाकलेला वाडगा घेऊन दारात. आजीचा निरोप होता की बाईंनी जेवावंच, तवाचा उसना व्हता, ह्यो आमचा हाय. दोन घास खाऊन वाडगा परत देऊ लागले, तर पोरगी जागची हलेना.

पुसून खाल्ला.

लोभ आहे का, हे आता विचारणार नाही. रविवारी येऊन डबाच उघडून बघते.
वनिता