कॉटवर पडून काढलेला रिपोर्ट

पसरणी,
दि. १२ डिसेंबर २०२४

चि. समीक्षा,
अनेक आशीर्वाद.

इकडं सगळे बरे आहेत. थंडी लय पडली आहे. विश्वजितकाकाच्या रानात स्ट्रॉबेरीचा पहिला तोडा झाला. तुझ्यासाठी एक खोकं बाजूला काढलंय, पण मिरजेला पोचेपर्यंत टिकेल असं वाटत नाही. आईचा गुडघा आता कमी दुखतो.

फोन असताना आप्पा पत्र का लिहितात, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच काहीतरी विचारशील आणि मी परत खोटं बोलेन, म्हणून.

गेल्या महिन्यात तुमच्या दवाखान्यात तू स्वतः माझ्या छातीवर त्या पट्ट्या चिकटवल्यास, मशीन कमरेला बांधलंस. दोन दिवस रोजच्यासारखं वागा, रानात जा, जिने चढा आणि काय करताना धडधडतंय ते वेळ घालून कागदावर लिहा, असं बजावलंस. मी लिहिलंही. सकाळी गाडीवर, दुपारी रानात. त्यातलं काही केलं नव्हतं. शाळेत रजा टाकली आणि दोन्ही दिवस कॉटवर पडून राहिलो. आई तेव्हा कराडला मावशीकडं होती. डोळ्यांपुढं अंधारी येते हे तर डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, नुसतं धडधडतं म्हणालो.

रिपोर्ट चांगला आला. तू आनंदानं शाळेत फोन करून सांगितलंस, आप्पा ठणठणीत आहेत. तुझ्या तोंडून मी खोटं वदवलं.

वीस वर्षं फौजेत गाड्या चालवल्या, मग अकरा वर्षं ही शाळेची बस. स्टिअरिंग सुटलं तर सकाळी उठून जायचं कुठं, एवढंच डोक्यात होतं.

या सोमवारी वाईतून पोरं घेऊन पाचगणीचा घाट चढत होतो. एका वळणाला छातीत फडफडलं, पुढचं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा पोरांची चढउतार बघणारी भामाबाई माझा खांदा हलवत होती आणि गाडी मागं घरंगळत होती. हँडब्रेक ओढला. दरीकडचा कठडा हातभर राहिला होता. गाडीत सव्वीस पोरं. गिअर सटकला असं सांगितलं, तर पोरं हसली.

आणि त्याच संध्याकाळी, समीक्षा, तीच पोरं घेऊन मी घाट उतरलो.

वाईत उतरताना भामाबाई हळूच म्हणाली, "आवं, मी कुणाला काय सांगायची न्हाई. पण उद्यापासनं या गाडीत मी बसणार न्हाई."

मंगळवारी ती खरंच आली नाही. पिशवी घेऊन समोर एसटी स्टँडवर उभी होती, माझ्याकडं न बघता. पोरं गाडीत बसून झाली होती. मी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि मुख्याध्यापकांना फोन लावला. घाटातलं सांगितलं, रिपोर्टचं सांगितलं, तुला यातलं काही माहीत नव्हतं हेही सांगितलं. ते म्हणाले, पोरांजवळ थांबा, दुसरा माणूस पाठवतो. तासाभरानं सिद्धू ड्रायव्हर आला. त्याच्या हातात किल्ली दिली आणि बाजूला झालो. भामाबाई रस्ता ओलांडून आली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

काल आईला सांगितलं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. भाकरी थापता थापता तिनं एवढंच विचारलं, "पोरीला कळवलं का?"

येत्या सोमवारी आम्ही दोघं मिरजेला येतोय. परत पट्ट्या लावाव्या लागतील. तुझ्या हातानं लावायला नको वाटलं, तर दुसऱ्या सिस्टरला सांग. मी काही मनाला लावून घेणार नाही.

तुझा,
आप्पा