मुंगीच्या पायांचं अनुदान

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्षात कंबर धरली आहे). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा रक्तदाब आटोक्यात आहे ना? कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तुम्ही किराण्याच्या यादीलाही 'विषय' आणि 'संदर्भ' घालता, अशी मामींची तक्रार कानावर आली. चालू द्या. त्या भाषेची किंमत मला यंदा कळली.

झालं असं, की आमच्या तिसरीला मुंगीचा धडा आहे. पुस्तकातली मुंगी तिळाएवढी आणि मुलं पस्तीस. म्हटलं, वीस भिंगं मिळाली तर दोघांत एक पुरेल. मोठ्या बाईंकडे मागायला गेले, तर त्यांनी कपाट उघडून दाखवलं. आत पृथ्वीचा गोल होता, तोही अर्धा. मग कळलं की एक संस्था शिक्षकांना वर्गासाठी छोटी अनुदानं देते. अर्ज दोन पानांचा, सूचना अकरा पानांच्या. मी आपलं सरळ लिहिलं, की मुलांना मुंगी नीट दिसावी म्हणून वीस भिंगं हवीत. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: प्रस्तावात नावीन्य नाही. (मुंगी जुनीच आहे, हे मला मान्य आहे.)

आमच्याकडे चित्रकलेचे सर आहेत. शिक्षकांच्या खोलीतला पंखा त्यांनी 'वायुवीजन साक्षरता' या नावाखाली मिळवलाय, त्यामुळे त्यांना सगळे अर्जसम्राट म्हणतात. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "बाई, आपल्याला काय हवंय ते लिहायचं नसतं. त्यांना काय द्यावंसं वाटेल ते लिहायचं." दोन दुपारी बसून त्यांनी तो नव्याने लिहवून घेतला. मुलांचे लाभार्थी झाले, मुंगीची 'परिसरातील जैवविविधता' झाली आणि सगळ्याचं मिळून 'सूक्ष्मदृष्टीतून समग्र विकास' झालं. मी तो तीनदा वाचला, भिंगं कुठे सापडली नाहीत. आठवड्यात मंजूर!

मंजुरीच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं, की ही रक्कम वस्तू घ्यायला वापरता येणार नाही; फक्त प्रशिक्षण, फलक आणि अहवाल. मी फोन केला. पलीकडच्या बाई फार गोड होत्या. म्हणाल्या, "भिंगं तुमची तुम्ही घ्या ना. ती वापरायची कशी, ते आम्ही शिकवू." आणि शिकवलं, मामा! एक गृहस्थ आले आणि भिंगं नसल्यामुळे त्यांनी आम्हा अकरा शिक्षकांना मूठ पोकळ करून डोळ्याला लावायला सांगितली. अर्धा दिवस आम्ही तसे बसलो. शिपाई चहा घेऊन आला, आमच्याकडे बघून हळूच दार लावून गेला. चहासकट.

फलक सरांच्या ओळखीच्या पेंटरने रंगवला. वासराएवढी मुंगी, ऐटदार, आणि पाय आठ. माझ्या लक्षात आलं तेव्हा फलक भिंतीवर चढला होता आणि संस्थेकडून पाहणीला आलेल्या बाई फाटकात उतरत होत्या. सर म्हणाले, "पुढचे दोन मिशा समजा." (मिशा वेगळ्या होत्याच.)

पाहणीच्या बाईंनी विचारलं, मुलांनो, काय शिकलात? वर्ग फलकाकडे बघायला लागला. आणि जी मुलगी वर्षभर 'हजर' सोडून एक शब्द बोलली नाही, ती उठली आणि म्हणाली, "ही मुंगी चुकलीय. हिला दोन पाय जास्त आहेत." बाईंनी विचारलं, तुला कसं माहीत? तर ती सरळ बाहेर चालायला लागली. तिच्यामागे सगळा वर्ग, मागे बाई, शेवटी मी. पायरीजवळच्या भेगेपाशी पस्तीस मुलं धुळीत पालथी पडली. बाईही गुडघ्यांवर बसल्या, चष्मा काढून त्याचंच भिंग केलं आणि मोजायला लागल्या. इतकी शांतता मी त्या शाळेत सुट्टीच्या दिवशीही ऐकलेली नाही. सहा! बाईंनी पुन्हा मोजले. सहाच.

अहवाल आला. 'फलकात हेतुपुरस्सर चूक ठेवून निरीक्षणशक्ती जागवणारा अभिनव उपक्रम.' आता आणखी चाळीस शाळांना आठ पायांची मुंगी जाणार आहे आणि पेंटर मला ताई म्हणतो. भिंगं अजून नाहीत. ती मुलगी मात्र आता वर्गात तोंड मिटत नाही. काल तिने मी फळ्यावर केलेली बेरीज चुकीची ठरवली. (चुकलीच होती.) हसावं की चिडावं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मामींना नमस्कार. प्रकृती सांभाळा.

तुमची भाची

ता. क. या पराक्रमामुळे मला संस्थेच्या निवडसमितीवर घेतलंय. गठ्ठा घरी आलाय. त्यात एका बाईंचा अर्ज एका ओळीचा आहे: 'फरशी गार लागते, चौथीच्या बत्तीस मुलांना बसायला सतरंज्या हव्यात.' मामा, मी लाल पेनने समासात 'उद्दिष्ट मोघम' असं लिहिलं. लिहून झाल्यावर कळलं, मी काय लिहिलं ते. समितीत माझं मत एकच. बाकीचे चौघे असा अर्ज उचलायचे नाहीत. म्हणून नक्कल सोबत पाठवतेय. त्या बाईंना फोन करून विचारलंय, त्या हो म्हणाल्या. तुमच्या कचेरीच्या भाषेत, सतरंज्या प्रशिक्षणाच्या खर्चात बसतील अशी दोन पानं करून शनिवारपर्यंत द्या. सतरंजी हा शब्द कुठे येऊ देऊ नका.

ता. क. २. सरांनाच सांगितलं असतं, पण त्यांचाही अर्ज याच गठ्ठ्यात आहे.

ता. क. ३. यातलं मामींना काही सांगू नका. त्या म्हणतील, सगळ्यांनी मिळून सतरंज्या घेऊन द्या आणि मोकळे व्हा. त्यांचं बरोबर आहे, म्हणूनच सांगू नका.