आईचा दिवस, माझ्या वहीत

आई, तुला माझ्या अभ्यासात घेतलं तेव्हा तुझी परवानगी विचारली होती का, मला आठवत नाही. बहुधा नसेल. आईला कोण विचारतं?

एकाहत्तर-बाहत्तरचं साल असेल. मी नगरला कॉलेजात, हॉस्टेलवर. शनिवारी एसटीनं देवळालीला घरी यायची. समाजशास्त्राच्या आमच्या बाई नव्यानंच लागलेल्या. ''कुटुंब सगळ्यांना सारखंच सुखाचं, असं पुस्तकात आहे. तुम्ही आधी आपापलं घर बघा,'' म्हणाल्या, आणि घरातल्या एका बाईचा अख्खा दिवस घड्याळ लावून लिहून आणायला सांगितला. मी तुला आदल्या रात्री सांगून ठेवलं, तिथंच फसले. सकाळी सहाला वही घेऊन बसते तर शेण काढलेलं, पाणी भरलेलं, धारा झालेल्या, भाकरीची चवड टोपल्यात. आणि तू धुतलेलं लुगडं नेसून ओसरीवर निवांत शेंगा फोडतेयस. दुपारी तर चक्क आडवी झालीस. जन्मात तुला दिवसा झोपलेली पाहिली नव्हती मी. तरी शहाणीनं दिसलं तसं लिहिलं.

बाईंनी वही चाळून माझ्याकडं ढकलली. ''तुमच्याकडे मोलकरणी किती आहेत गं?'' वर्ग हसला. पुढच्या शनिवारी घरी आले ती तणतणतच. हे सोंग कशाला केलंस, म्हणून तुझ्यावर खेकसले. तू तवा उतरवत होतीस.

''वही तुझे आण्णा बघनार हुते,'' तू म्हणालीस. ''मला इतकं काम हाय, ते कागदावर दिसलं की म्हनतील, मंग पोरगी नगरला कशाला ठिवायची? आना माघारी, आईच्या हाताखाली.'' मग माझ्या ताटात भाकरी टाकून हळूच विचारलंस, ''बाईनं नापास तर केलं न्हाई ना?''

म्हणजे मी शिकावं म्हणून तू आपलंच काम लपवलंस. आण्णा काही वाईट नव्हते. माझी वही ते कौतुकानंच वाचायचे. मग ही धास्ती तुझ्या मनात कुणी घातली? ते खरंच तसं म्हणाले असते का? पंचवीस वर्षं हा विषय शिकवला, पण याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

वही मी परत लिहिली. शेजारच्या काकूंचा म्हणून तुझाच रोजचा दिवस उतरवला. बाई खूश झाल्या.

पुढे हा किस्सा मी वर्गात दर वर्षी सांगितला, आणि दर वर्षी एक गोष्ट गाळली. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या पहाटे तुझी बादली वाजली तेव्हा मला जाग आली होती. तू एकटी काय काय करतेयस, सगळं ऐकू येत होतं. मी गोधडी कानावर ओढून घेतली. माझं निरीक्षण सहाला सुरू होणार होतं.