शेवटची पाच पानं

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

सत श्री अकाल. तुमच्या बाबाजींच्या पंथात आता वेगळं काहीतरी म्हणतात, ते लिहायला हात धजावला नाही. रागावू नकोस. दाजींना नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी भावजय गुडघ्याच्या नावाने बोटं मोडत असते आणि तरी दिवसातून दहा वेळा गच्चीवर जाते. धाकट्या लेकीने केस रंगवायचं खूळ डोक्यात घेतलंय. घरात महाभारत चाललंय, आणि दोन्ही बाजू मलाच शिव्या घालतात. दुकान बरं चाललंय. परवा एक आजोबा चष्मा बदलून घ्यायला आले, म्हणे यातून सून जास्तच स्पष्ट दिसते. मी म्हटलं, आजोबा, त्यावर इलाज नाही.

अप्पांचे डोळे मात्र गेल्यात जमा आहेत. आता भिंग नाही, चष्मा नाही, काहीच चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पडदाच गेलाय. जन्मभर लोकांच्या डोळ्यांवर काचा चढवल्या आणि बापापुढे हात टेकले. पोटही बिघडलंय त्यांचं, अन्न जात नाही. तुला फोनवर ‘मी ठणठणीत आहे’ म्हणतात ना, ते खोटं आहे. दिवस फार नाहीत, ताई.

त्यांनीच सांगितलं म्हणून दिवाळीनंतर घरी ग्रंथाचा पाठ लावलाय. अखंड नव्हे, सावकाशीचा. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी पंधराएक पानं वाचतो, कधी कमी-जास्त, आणि रुमाल झाकून ठेवतो. अप्पा भिंतीला टेकून ऐकतात. चुकलो की बोटाने खाटेवर टकटक करतात. तू पट्टीने हातावर मारायचीस, त्यापेक्षा हे बरं.

आता खरं लिहायचं ते लिहितो, फोनवर जमलं नसतं. तीन कागद फाडून झालेत.

आई गेल्यावर गुरुद्वारात ठेवलेल्या तिच्या पाठाचं बोलायचंय.

तुला मागाहून एवढंच कळवलं होतं की कमिटीने ठरवलं. ठरवलं कमिटीनेच, पण कसं ते तुला माहीत नाही. आईची इच्छा होती की शेवटची पानं तू वाचावीस, आणि ते मीच कमिटीपुढे मांडलं. त्यावर दोन तास नुसती खडाजंगी. आमचे अध्यक्ष, ते हेडमास्तर, म्हणाले, “दहाव्या गुरूंनी सांगून ठेवलंय, यापुढे ग्रंथच गुरू. मग जिवंत माणसाला गुरू म्हणणाऱ्या बाईने त्या ग्रंथामागे बसून पाठ कसा करायचा?” शिंपीमामा ताडकन उठले. “अहो, पण वाचणार तोच ग्रंथ ना? तिची अक्षरं काय वेगळी आहेत?” निम्मे इकडे, निम्मे तिकडे. मग कुणीतरी विचारलं, तिच्या घरी नेमकं काय चालतं, कुणी बघितलंय का?

मी हात वर केला.

कावीळ झाली तेव्हा तू मला महिनाभर तुझ्याकडे ठेवून घेतलं होतंस. उसाचा रस गाळून द्यायचीस, माझे कपडे धुवायचीस. त्या महिन्यात बघितलेलं मी त्यांना सांगितलं. बाबाजींचा फोटो खुर्चीवर असतो, वर चांदवा असतो, आणि ग्रंथावर ढाळतात तशी चवरी त्या फोटोवर ढाळतात. सगळं खरं होतं. पण तुझ्या घरात वरच्या खोलीत ग्रंथ आहे, आणि सकाळी अंघोळ झाली की तू आधी तिथे माथा टेकतेस, मग खाली येतेस, हे मी सांगितलं नाही. मी कमिटीवर नवा होतो, आणि ‘बहीण तिकडची आहे’ म्हणून माझ्याकडे सगळे जरा तिरपे बघायचे. मला त्यांच्यातला व्हायचं होतं, झालं.

तुझं मला आजही पटत नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. त्या खुर्चीपुढे माझी मान वाकणार नाही. तू म्हणायचीस, “गुरू ग्रंथच आहे रे, बाबाजी फक्त बोट धरून तिथवर नेतात.” मी म्हणायचो, मग बोटालाच चवरी कशाला? हे भांडण आपण मरेपर्यंत भांडू. पण भांडणाचा निकाल मी तुझ्या पाठीमागे, अर्धं सांगून लावून घेतला. निरोपही दिला नाही. दाराशी कळेल तिला, म्हटलं.

आणि ते दार. सकाळचे सव्वादहा झाले होते. मी वाचत होतो. तू आलीस, आईची पांढरी ओढणी घेतली होतीस. दाराशी बसणारे काका तुला म्हणाले, “या, बसा, लंगर घेऊन जा, पण वाचायला बसता येणार नाही.” मला शब्द न् शब्द ऐकू आला. तू माझ्याकडे बघितलंस. मी मान वर केली नाही. तू उंबऱ्याशी माथा टेकलास आणि गेलीस.

नंतर तुला मी फोनवर सांगितलं, “अखंड पाठ होता गं, मध्ये थांबता येत नाही.” तीन वर्षं तेच सांगतोय. तू हूं म्हणायचीस. पण वाचायला तूच शिकवलंस मला, तुला का माहीत नाही? पुढचा वाचणारा आधीच शेजारी येऊन बसतो, आपल्याबरोबर ओळ धरतो, आणि आपण उठतो. पाठ तुटत नाही. शिंपीमामा हातपाय धुऊन माझ्या डाव्या हाताला तयार बसले होते. त्यांच्या गुडघ्याला नुसतं बोट लावायचं होतं मला. नाही लावलं.

अप्पा तेव्हा दवाखान्यात होते. संध्याकाळी विचारलं, “शेवट तिनेच वाचला ना?” मी हो म्हणालो. आणि पुढच्या आठवड्यात ते तुला फोनवर म्हणाले, छान वाचलंस म्हणे, आणि तू ‘हो अप्पा’ म्हणालीस. मी तिथेच उभा होतो, ताई. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं खोटं तू झाकलंस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस.

काल सकाळी वाचताना चौदाशे सव्विसाव्या पानावर आलो. तीच शेवटची पानं. अप्पा म्हणाले, “आईसाठी तिने वाचलं, आता माझ्यासाठी तिलाच बोलव.” मी पाठ तिथेच थांबवला. सगळं सांगून टाकलं. हात वर केला तेही, मान वर केली नाही तेही.

अप्पांनी विचारलं, “मग ती मला हो का म्हणाली?”

म्हटलं, “माझ्यासाठी.”

त्यांनी खाटेवर टकटक केलं, मी चुकल्यावर करतात तसं. म्हणाले, “रुमाल झाक. पुढे तू वाचायचं नाहीस.”

आज सकाळी त्यांच्या खोलीत पाठ झाला नाही. ग्रंथ तिथेच झाकून ठेवलाय. संध्याकाळी मी कमिटीपुढे जाऊन राहिलेलं अर्धं सांगणार आहे. त्यांचा नियम बदलेल असं नाही. पण हे घर अप्पांचं आहे, इथे कमिटी नाही. तुला कुणी काही विचारणार नाही, मी तर नाहीच. दाजींनाही आण. माफी मागत नाही, ती तोंडावर मागायची असते.

फक्त लवकर निघ. अप्पा तासातासाला विचारतात, गाडी आली का. ही पाच पानं थांबली आहेत, आणि हा पाठ थांबवता येतो, ताई.

दाराकडे तोंड करून बसलेला,
तुझा ठोंब्या